पाण्यावरची तर्री

गेली सव्वीस वर्षे मी अनुस्वार शोधून पोट भरते. नागपुरातल्या महाल भागातील एका छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून लागले तेव्हा कागदावरची मुद्रिते लाल शाईने तपासायची असत. आता तीच मुद्रिते पडद्यावर येतात आणि दिवसाचे आठ-नऊ तास त्या उजेडाकडे टक लावून बसावे लागते. 'त्यांनी' हा शब्द 'त्यानी' असा छापला गेला म्हणून कोणाचे आभाळ कोसळत नाही, हे मलाही ठाऊक आहे. परंतु माझ्या कामाची सारी अब्रू त्या एका टिंबावर उभी आहे. म्हणून एका दुपारी, एका पतसंस्थेच्या वार्षिक अहवालात मी तीन ठिकाणी अनुस्वार राहिल्याचे दाखवले आणि अक्षरजुळणी करणाऱ्या मुलाने "मॅडम, ते तर आहेत ना" असे म्हणत पडदा माझ्याकडे वळवला, तेव्हा मी ओशाळले. मी डोळे मिटून उघडले, तर तिन्ही अनुस्वार जागच्या जागी होते. पाच-सात सेकंदांत ते पुन्हा विरघळले.

चष्म्याचा नंबर वाढला असावा, असे वाटून वर्षभरात मी दोनदा काचा बदलल्या. नंबर चुकलेला असेल तर अक्षर सतत धूसर दिसते. पापणी मिटल्याबरोबर ते लख्ख होऊन पुन्हा धूसर होत नाही. चुका शोधणे हाच जिचा धंदा, तिला हा फरक लक्षात यायला हवा होता. पण दुसऱ्याच्या मजकुरातली चूक जितक्या चटकन दिसते तितक्या चटकन स्वतःच्या शरीरातली दिसत नाही. सकाळी उठताना पापण्या चिकटलेल्या असत, डोळ्यांत वाळू पडल्यासारखी रखरख असे, दुपारनंतर आग होई, आणि संध्याकाळी दिव्यांभोवती काटेरी वलये दिसत. या सगळ्यांत चमत्कारिक गोष्ट ही की डोळ्यांना पाणी मात्र भरपूर येत होते. स्कूटरवर वारा लागला की दोन्ही गालांवरून धारा वाहायच्या. एकदा लक्ष्मीनगरच्या चौकात सिग्नलला थांबले असताना शेजारच्या गाडीवरची एक अनोळखी बाई कळवळून म्हणाली, "काहून रडून राहिल्या ताई? काही झालं का?" आता या बाईला काय सांगायचे? आणि ज्या डोळ्यांतून असे पाणी वाहते ते कोरडे पडले आहेत, हे त्या वेळी मला कोणी सांगितले असते तरी मी हसले असते.

मधल्या काळात मी जे जे केले ते आठवले की स्वतःचीच कीव येते. दर तासाला थंड पाण्याचे हबके मारले. गुलाबपाणी घातले. नळाच्या पाण्याने डोळ्यांतले उरलेसुरले अश्रूही धुऊन जातात, हे मागाहून कळले. लहानपणापासूनची सवय म्हणून पापणीच्या आतल्या कडेला काजळ घालत राहिले. त्याने डोळे थंड राहतात यावर आमच्याकडे तीन पिढ्यांचा विश्वास होता. औषधांच्या एका दुकानातून लाली घालवणारे थेंब आणले. त्यांनी रक्तवाहिन्या आकसतात, डोळा तासभर पांढराशुभ्र दिसतो आणि मग पहिल्याहून लाल होतो. ते संपल्यावर त्याच दुकानदाराने "हे घालून पाहा, एकदम आराम पडते" असे म्हणून दुसरी बाटली दिली. आराम खरोखरच पडला, कारण त्या थेंबांत स्टेरॉइड होते. देखरेखीशिवाय अशी औषधे घालत राहिल्यास काही जणांच्या डोळ्यांतला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही लवकर धरतो. माझे नशीब एवढेच की मी दीड बाटलीवर थांबले. त्या दुकानदाराला दोष देताना मला हेही मान्य केले पाहिजे की चिठ्ठी न मागणारे दुकान शोधत मीच तिथे गेले होते.

शेवटी धंतोलीत गेले. ज्या वस्तीत दर चौथ्या इमारतीवर दवाखान्याची पाटी आहे तिथे पोहोचायला मला दोन वर्षे लागली. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी चष्म्याच्या नंबराला हातच लावला नाही. आधी मला डोळा मोठा करून दाखवणाऱ्या स्लिट लॅम्प नावाच्या यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसवले आणि केशरी रंगाची एक कागदी पट्टी खालच्या पापणीला ओझरती टेकवली. हा रंग अश्रूंत मिसळला की निळ्या प्रकाशात हिरवट पिवळा चमकतो. "आता पापणी लववायची नाही," असे सांगून त्या मोजू लागल्या. निरोगी डोळ्यावर हा हिरवा पडदा दहा सेकंद किंवा त्याहून अधिक अखंड राहतो. माझ्या डोळ्यावर चौथ्या सेकंदाला त्याला काळी भोके पडली. माझे अनुस्वार त्या भोकांतच पडत होते. थोड्या वेळाने त्यांनी दुसरी एक पांढरी पट्टी टोकाशी दुमडून पापणीच्या बाहेरच्या कोपऱ्यात अडकवली आणि पाच मिनिटे डोळे मिटून बसवले. ही चाचणी शिर्मर नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १९०३ मध्ये सुचवली आणि शंभराहून अधिक वर्षांनंतरही ती जवळजवळ तशीच केली जाते, हे मला फार आवडले. माझी पट्टी सोळा मिलिमीटर भिजली होती. दहाच्या वर म्हणजे पाणी पुरेसे.

मग त्यांनी कापसाची काडी घेऊन माझ्या खालच्या पापणीच्या कडेवर हलकेच दाब दिला आणि भिंगातून बराच वेळ पाहत राहिल्या. "काकू, पाणी तर भरपूर आहे," त्या म्हणाल्या. "तेलच येऊन नाही राहिलं."

डोळ्यांत तेल असते, हे मी पन्नाशी ओलांडल्यावर ऐकले. 'डोळ्यांत तेल घालून' मुद्रिते तपासावीत असे आम्ही नव्या मुलांना सांगत आलो, पण त्या वाक्प्रचारात एवढे शरीरशास्त्र दडले असेल अशी शंकाही आली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी कागदावर आकृती काढून दाखवली. बुबुळावर अश्रूंचा जो पडदा असतो त्याची जाडी एका मिलिमीटरच्या हजार भागांतले तीनेक भाग एवढीच असते. बुबुळाला लागून चिकट श्लेष्मल द्रव्य असते, त्यामुळे पाणी पृष्ठभागाला धरून राहते. त्यात मिसळलेला पाण्याचा मुख्य भाग अश्रुग्रंथींतून येतो. आणि सगळ्यांत वर, हवेच्या बाजूला, तेलाचा एक पापुद्रा असतो, तो पाण्याच्या थराहूनही कितीतरी पातळ. हा पापुद्रा पाण्याची वाफ होऊ देत नाही. तो फाटला की पाणी उडून जाते, उघडे पडलेले बुबुळ चुरचुरते, आणि ती तक्रार मेंदूपर्यंत पोहोचली की अश्रुग्रंथी घाबरून पाण्याचा लोंढा सोडते. तो लोंढा असतो पाण्याचाच. त्याला धरून ठेवायला तेल नसल्याने तो गालावरून ओघळतो आणि डोळा होता तसा कोरडाच राहतो. सिग्नलवरच्या त्या बाईने पाहिलेले रडणे हे होते.

दुसऱ्या दिवशी छापखान्याजवळच्या टपरीवर नेहमीप्रमाणे पोहे घेतले. पोह्यांवर चण्याचा रस्सा ओतण्यासाठी त्या माणसाने पातेल्यात पळी घातली, तेव्हा लाल तवंग दुभंगला आणि तेवढ्याच फटीतून वाफेचा भपकारा वर आला. पळी निघाली, तवंग पुन्हा जुळला आणि वाफ थांबली. तर्री पोहे खाण्यात नागपूरकराचे आयुष्य जाते, पण तर्रीचे काम निव्वळ तिखटाचे नाही, खालचा रस्सा तासन्‌तास कढत राखण्याचेही आहे, हे माझ्या त्या सकाळी ध्यानात आले. माझ्या डोळ्यांतल्या रस्स्यावर तर्री उरली नव्हती आणि मी मूर्खासारखी वरून पाणी ओतत राहिले होते.

हे तेल तयार करणाऱ्या ग्रंथींना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. माझ्या कानांनी ते पहिल्यांदा 'मायबोली' असेच ऐकले आणि चिठ्ठीवरचे अक्षर वाचेपर्यंत मी मनातल्या मनात डॉक्टरीणबाईंच्या भाषाप्रेमाचे कौतुक करत होते. हाइनरिश मायबोम या जर्मन वैद्याने १६६६ मध्ये या ग्रंथींचे सविस्तर वर्णन केले, म्हणून त्यांना त्याचे नाव. शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले तेच हे वर्ष. वरच्या पापणीत या ग्रंथी साधारण पंचवीस ते चाळीस आणि खालच्या पापणीत वीस ते तीस असतात. पापणीला ताठपणा देणारी जी चिवट पट्टी असते तिच्यात त्या एकमेकींना समांतर उभ्या रोवलेल्या असतात आणि त्यांची तोंडे पापणीच्या कडेला, केसांच्या ओळीच्या किंचित मागे उघडतात. आरशात नीट पाहिले, आणि भिंग हाताशी असले, तर ती तोंडे दिसतातही: एका ओळीत मांडलेली, सारख्या अंतरावरची बारीक टिंबे. ती पाहून मला काय वाटले असेल ते माझ्या व्यवसायातल्या माणसाला सांगायला नको. जन्मभर टिंबे शोधली आणि स्वतःच्या पापणीवरची पन्नास-साठ टिंबे कधी तपासली नव्हती.

ग्रंथी म्हणजे काय हे समजायला नागपुरात फार लांब जावे लागत नाही. संत्र्याची साल उजेडात धरली की तिच्यात तेलाचे असंख्य बारके कोश दिसतात. साल दुमडली की ते फुटून तुषार उडतो. लहानपणी आम्ही तो एकमेकांच्या डोळ्यांत उडवत असू आणि मार खात असू. ताज्या सालीतून तो झर्रकन उडतो, वाळलेली साल कितीही पिळली तरी काही निघत नाही. माझ्या पापण्यांची गत या दोहोंच्या मधली होती. कोश शाबूत होते, आत तेलही होते, पण ते घट्ट झाले होते. निरोगी ग्रंथीतून दाबल्यावर गोडेतेलासारखा स्वच्छ थेंब यावा. माझ्या ग्रंथींतून टूथपेस्टसारखा पांढरट, दाट पदार्थ रडतखडत बाहेर आला, आणि काहींतून तोही आला नाही. जानेवारीत इथला पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा खोबरेल तेलाची बाटली थिजते आणि ती उन्हात ठेवावी लागते, तसाच हा प्रकार. पापण्यांतले तेल शरीराच्या नेहमीच्या उष्णतेला पातळ राहावे अशी निसर्गाची योजना असते. ग्रंथींच्या विकारात त्याची घडण बदलते, ते वितळायला अधिक उष्णता लागू लागते, आणि त्यातच तोंडाशी मृत पेशींचे बूच बसते. आत कोंडलेले तेल कुजकट होते, पापणीच्या कडा सुजतात, सुजेने तोंडे आणखी आवळतात.

हे का होते, याची यादी डॉक्टरीणबाईंनी सांगितली आणि तिच्यातल्या बहुतेक ओळींपुढे मला माझे नाव लिहावेसे वाटले. वय. रजोनिवृत्ती, कारण या ग्रंथींचे काम शरीरातल्या संप्रेरकांवर चालते. काजळ, कारण आतल्या कडेवर ते जिथे ओढायचे नेमकी तिथेच ही तोंडे आहेत. तीन पिढ्या आम्ही त्यांवर काजळी लिंपत आलो. आणि सगळ्यांत मोठे कारण, संगणकाचा पडदा. पापणी मिटते तेव्हा तिच्या स्नायूंच्या दाबाने प्रत्येक ग्रंथीतून तेलाचा अंश बाहेर येतो आणि पापणी उघडताना तो बुबुळभर पसरतो. बोलता-चालता माणूस मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी लववतो. पडद्यासमोर हे प्रमाण निम्म्याहूनही खाली येते आणि त्यातल्या कित्येकदा पापणी अर्धीच मिटते. माझा यावर विश्वास बसेना, म्हणून अक्षरजुळणीवाल्या त्या मुलाने, मला न सांगता, मोबाइलवर वेळ लावून मोजले: एका मिनिटात चार, त्यातल्या दोन अर्ध्या. 'डोळ्यांची पापणीही न लववता' केलेल्या कामाचा मला अभिमान होता.

मी एक शंका विचारली, आणि ती अगदीच अडाणी नव्हती असे मला अजूनही वाटते. २३ मे २०१३ रोजी या शहराने ४७.९ अंश पाहिले आहेत. मे महिन्यात पारा अनेकदा पंचेचाळिशीला टेकतो. मग माझ्या पापण्यांतले तेल आपोआप का वितळत नाही? डॉक्टरीणबाई हसल्या. बाहेर कितीही तापले तरी शरीर आपले तापमान सोडत नाही, आणि ज्या पृष्ठभागावरून सतत पाणी उडते तो माठासारखा हवेपेक्षा थंडच राहतो. वितळवायचे तर उष्णता पापणीला थेट भिडली पाहिजे आणि आठ-दहा मिनिटे टिकली पाहिजे. नागपूरचा उन्हाळा तेल वितळवत नाही, पाणी तेवढे उडवतो. तोटा दोन्हीकडून.

पुढच्या भेटीत त्यांनी अवरक्त किरणांनी पापण्यांची छायाचित्रे घेतली. करड्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या उभ्या रेघा, हार्मोनियमच्या पट्ट्यांसारख्या. वरच्या पापणीत त्या बऱ्यापैकी भरलेल्या होत्या, काही वाकड्या, काही आखूड. खालच्या डाव्या पापणीत नाकाच्या बाजूला मात्र सलग मोकळी जागा होती. फार काळ तुंबून राहिलेली ग्रंथी आक्रसत जाते आणि नाहीशी झाली की सहसा परत येत नाही. मुद्रितात ओळ गळाली तर मूळ हस्तलिखित पाहून ती भरता येते. इथे मूळ प्रत नव्हती. त्या मोकळ्या जागेकडे मी बराच वेळ पाहत राहिले आणि लाली घालवणाऱ्या थेंबांच्या बाटल्या आठवत राहिले.

उपचार असा काही मोठा निघाला नाही, आणि म्हणूनच तो अवघड होता. दिवसातून दोनदा, दहा मिनिटे, मिटलेल्या पापण्यांवर शेक. ऐकायला किती सोपे! पहिले पंधरा दिवस मी गरम पाण्यात पंचा बुडवून पिळून ठेवत असे; तो दीड-दोन मिनिटांत गार व्हायचा आणि मग दर दोन मिनिटांनी उठून पातेल्याकडे जाण्यात शेकापेक्षा येरझाराच जास्त होत. ओल्या पंचाने पापणीची कातडीही फाटल्यासारखी झाली. मग जवस आठवले. विदर्भात जवसाची चटणी ज्या घरात होत नाही ते घर विरळा. जवसाचा दाणा बारीक, गुळगुळीत, तेलाने भरलेला, आणि तो उष्णता धरून ठेवतो. जुन्या मलमलीची टीचभर लांब पिशवी शिवली, तीन मुठी जवस लोखंडी तव्यावर मंद आचेवर हलवत कोमट केले, पिशवीत ओतून तोंड बांधले. पहिल्या दिवशी अंदाज चुकला आणि जवस तडतडू लागले. तेवढे गरम डोळ्यांवर ठेवले असते तर पापणी भाजली असती. आता मी पुरचुंडी आधी मनगटाच्या आतल्या बाजूला अर्धे मिनिट धरते. तिथे सुखद वाटली तरच पापणीवर. चाळीस अंशांच्या आसपास हवे, असे डॉक्टरीणबाई म्हणतात. माझे मनगट तेवढे आता अचूक सांगते. बाजारात यासाठी तयार पट्ट्याही मिळतात आणि ज्यांना तव्याशी झटापट करायची नाही त्यांनी त्या खुशाल घ्याव्यात. जवसाला काही दिवसांनी खमंगाच्या पलीकडचा, करपट वास येऊ लागतो. महिन्याने ते बदलावे लागतात.

शेक झाल्याबरोबर, तेल पुन्हा थिजण्याच्या आत, मालिश. स्वच्छ धुतलेल्या बोटाच्या पेराने खालची पापणी खालून वर आणि वरची पापणी वरून खाली, म्हणजे दोन्हीकडे केसांच्या ओळीच्या दिशेने, हळुवार निपटायची. जोर लावायचा नाही, बुबुळावर दाब द्यायचा नाही, आणि डोळे चोळायचे तर मुळीच नाहीत. शेवटी पापणीच्या कडांची सफाई: त्यासाठीचे ओले रुमाल मिळतात, किंवा उकळून कोमट केलेल्या पाण्यात लहान मुलांच्या शाम्पूचे दोन-चार थेंब घालून कापसाच्या काडीने केसांची मुळे पुसायची. केसांच्या मुळाशी नळीसारखा कोंडा दिसला तर तिथे डेमोडेक्स नावाचे अतिसूक्ष्म किडे वस्तीला असतात आणि त्यांचा उपचार वेगळा असतो. हे वाक्य डॉक्टरीणबाईंनी ज्या सहजतेने उच्चारले त्या सहजतेने मी ते ऐकू शकले नाही. सुदैवाने माझ्याकडे ते भाडेकरू नव्हते.

या शेकाच्या निमित्ताने मला माझी आजी फार आठवली. आम्हा पोरांना रांजणवाडी झाली की ती आपली तर्जनी तळहातावर भराभर घासायची आणि बोट तापले की रांजणवाडीवर अलगद टेकवायची. असे वीस-पंचवीस वेळा, तोंडाने काहीतरी पुटपुटत. बाहेरची दुखरी रांजणवाडी केसांच्या मुळाशी होते, आणि पापणीच्या आत जी न दुखणारी गाठ महिनोन्‌महिने राहते ती बहुधा तुंबलेल्या मायबोमियन ग्रंथीचीच असते. दोन्हींवर पहिला उपाय उबदार शेक हाच आहे. आजीचे बोट दोन सेकंदांत गार होत असणार, आणि न धुतलेले बोट डोळ्याला लावणे आज कोणी मान्य करणार नाही. ती लवंग उगाळून लावायची तेही मी कोणाला सांगणार नाही. पण दिशा तिची बरोबर होती. मायबोमचे नाव तिच्या कानावर पडण्याचा प्रश्नच नव्हता.

थेंब मला दिले, पण साधे, कृत्रिम अश्रूंचे. त्यांतही निवड असते. अनेक बाटल्यांत औषध टिकावे म्हणून बेन्झाल्कोनियम क्लोराइड घातलेले असते आणि ते वारंवार पोटात, म्हणजे डोळ्यात, गेले तर पृष्ठभागाला इजा करते; ज्याला दिवसातून चार-सहा वेळा थेंब लागतात त्याने ते नसलेले घ्यावेत. थंडीत काही आठवडे डॉक्सिसायक्लिनच्या लहान मात्रेच्या गोळ्याही झाल्या. हे प्रतिजैविक इथे जंतू मारण्यापेक्षा सूज उतरवण्यासाठी आणि तेलाची घडण सुधारण्यासाठी देतात. त्याने त्वचा उन्हाला हळवी होते, म्हणून "उन्हाळ्यात नको, डिसेंबरात सुरू करू," असे डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून ठेवले होते. नागपूरच्या डॉक्टरला पंचांगही पाहावे लागते. माशाच्या तेलाच्या गोळ्यांबद्दल मी उत्साहाने विचारले, कारण आमच्या नात्यातले दोघे त्या घेत होते. अमेरिकेत पाचशेहून अधिक रुग्णांवर वर्षभर केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत माशाच्या तेलातल्या ओमेगा-३ च्या गोळ्या ऑलिव्ह तेलाच्या गोळ्यांपेक्षा सरस ठरल्या नाहीत, असे त्यांनी सांगितले. जवसाची चटणी मी खाते ती चवीसाठी. प्रकाशाच्या झोतांनी किंवा यंत्राच्या उष्णतेने ग्रंथी मोकळ्या करण्याचे उपचारही आता उपलब्ध आहेत; ते खर्चिक आहेत, पुन्हा पुन्हा घ्यावे लागतात, आणि त्यानंतरही घरचा शेक सुटत नाही. मला अजून त्यांची गरज लागलेली नाही.

खरी लढाई वाऱ्याशी. एप्रिल लागला की नागपूरच्या रस्त्यांवर एकही बाई ओळखू येत नाही, कारण दुपट्ट्याने डोके, कान, नाक, तोंड, मान असे सारे काही गुंडाळलेले असते आणि उघडे असतात ते फक्त डोळे. चाळीस किलोमीटर वेगाने अंगावर येणाऱ्या, भट्टीतून निघालेल्या त्या वाऱ्यासमोर आपण नेमका तेवढाच भाग मोकळा सोडतो. मी आता कडांना झाकणारा चष्मा लावते. त्यात मी वेल्डिंग करणाऱ्या माणसासारखी दिसते, असे आमच्या घरातले मत आहे. कूलरचेही तसेच. वाळ्याच्या ताटीतून येणारी ओली हवा खोलीला बरी, पण त्याचा झोत थेट तोंडावर घेऊन झोपायची सवय मोडावी लागली, कारण काही जणांच्या पापण्या झोपेत किंचित उघड्या राहतात आणि मी त्यांतली निघाले. पलंगाची दिशा बदलली. छापखान्यातल्या वातानुकूलन यंत्राची झडप वर वळवली, पडदा टेबलावर खाली आणला. नजर खाली असली की डोळा कमी उघडतो आणि कमी वाळतो.

पापणी लववायला मात्र शिकावे लागले. वीस मिनिटांनी वीस फुटांवर वीस सेकंद पाहावे हा नियम सगळीकडे सांगतात. मुद्रितात रमलेल्या माणसाला वीस मिनिटे कधी झाली हे कळत नाही. म्हणून मी माझ्या धंद्यातली खूण वापरली. परिच्छेद संपला की डोळे पूर्ण मिटायचे, दोन सेकंद मिटलेले ठेवायचे, हलकेच आवळायचे, मग उघडायचे. लांबलचक परिच्छेद लिहिणाऱ्या लेखकांवर माझा आधीपासूनच राग होता. त्याला आता वैद्यकीय कारणही मिळाले आहे.

सहा आठवड्यांनी चार सेकंदांचे सात झाले. पुढे नऊ, एका उन्हाळ्यात पुन्हा पाच. हा आजार बरा होऊन फाइल बंद होणाऱ्यांतला नाही, रक्तदाबासारखा सांभाळण्याचा आहे, आणि त्यात आकडा व त्रास यांचे जुळेलच असे नसते: काही दिवस चाचणी उत्तम येते आणि डोळे जळत असतात, काही दिवस उलट. २०२४ च्या मे महिन्यात शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले, देशभर बोभाटा झाला, आणि मग हवामान खात्याने संवेदकात बिघाड होता असे सांगितले; आम्ही मात्र त्या दिवशी घामाने निथळतच होतो. माझ्या ओळखीतल्या एका बाईंच्या कोरड्या डोळ्यांमागे संधिवात निघाला, तोंडही कोरडे पडत होते, त्यांचा मार्ग निराळा. डोळा एकाएकी दुखू लागला, उजेड सोसेना, किंवा नजर मंदावून पापणी लववूनही सुधारेना, तर शेक बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचे, हे मला बजावलेले आहे.

रात्री साडेनऊला मी पुरचुंडी घेऊन आरामखुर्चीत पडते. ही दहा मिनिटे माझ्या आयुष्यातली पहिली अशी वेळ, जेव्हा मला काहीही वाचता येत नाही. पहिले काही दिवस त्या अंधारात जीव घाबरा होई. मग आमच्या यजमानांनी, बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना संध्याकाळी फारसे काम नसते, वर्तमानपत्राचा अग्रलेख मोठ्याने वाचायला सुरुवात केली. ते आकड्यांतले गृहस्थ. विरामचिन्हांवरून गाडी न थांबवता नेतात. मी पापण्यांवर जवसाचा ऊबदार भार घेऊन ऐकत असते आणि मधूनच म्हणते, "अहो, तिथे स्वल्पविराम असणार." ते वाक्य पुन्हा वाचतात, क्षणभर थांबतात. "आहे," ते म्हणतात. डाव्या बाजूची ऊब उतरलेली असते. मी पुरचुंडी पालथी करते, ते पान उलटतात.